झाडाचे पालकत्व

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांना जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. वनखात्यातील नोकरी संपली, तरी अरण्याशी जडलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले. त्याच वर्षी धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याचे जंगल गावकऱ्यांच्या साथीने राखणारे चैत्राम पवार यांचाही पद्मश्रीने गौरव झाला. वृक्षसंवर्धन करणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांसाठी आपल्या राज्य शासनाचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कारही आहे.

पुरस्कार मोजक्यांना मिळतात; झाडाची गरज मात्र प्रत्येक गल्लीला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना, किंवा वैशाखात तापणाऱ्या नांदेडकरांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात रोप लावणारे हात पुष्कळ असतात. त्याला पहिले दोन-तीन उन्हाळे पार करून देणारे थोडे. हे काम सवड आणि सातत्य मागते, आणि ही दोन्ही ज्येष्ठांपाशी असतात.

यात आपलेही हित आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, केवळ ४६ रुग्णांचा. तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खाट खिडकीकडे वळवावी, एवढे तो नक्कीच सुचवतो.

दारापुढचे एकच रोप दत्तक घ्या: कडुनिंब, करंज किंवा बहावा. आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन द्या. शेजारी तळाला बारीक छिद्र व त्यात सुती वात असलेले मडके गळ्यापर्यंत पुरून घ्या. ते भरून ठेवले की पाणी मुळांशी हळूहळू झिरपते आणि रोज पाणी घालण्याचे श्रम वाचतात. पाणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी, अर्ध्याच भरलेल्या झारीने घाला. वाकताना चक्कर येत असेल, तर खुर्चीवर बसून. हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, 'तुम्ही बसा, मी घालतो पाणी' असे प्रेमाने म्हणून हे काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका. मडके जड असेल तर उचलून द्या. पाणी त्यांनाच घालू द्या. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव उतारवयात मोठा आधार असते.