मला आवडतो, मला आवडते



मागच्या आठवड्यात एका आईचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी वरच लाल शाईने लिहिले आहे. पत्र दोन पानी, पण प्रश्न छोटा. वीस वर्षांच्या लेकराने घरी सांगितले, "मी नुसती मुलगी नाही, मुलगाही आहे. कधी एक, कधी दोन्ही एकदम." आईने हे कसेबसे पचवले. मग लेकरू म्हणाले, "मला एक मुलगी आवडते." आता आई विचारतात, "ताई, याला म्हणायचे काय? मुलगी धरले तर समलिंगी. मुलगा धरले तर त्यात वेगळे काहीच नाही. उद्या मामी-मावशीने विचारले तर काय सांगू?"

कोणी हसू नका. भल्याभल्या शिकलेल्यांना न दिसणारी अडचण या माउलीने नेमकी धरली आहे.

समलिंगी हा तुलनेचा शब्द आहे. 'सम' म्हणजे कोणाशी सम? बोलणाऱ्याशी. आधी स्वतःचे लिंग ठरवायचे, मग समोरच्याचे, आणि दोन्ही शेजारी ठेवली की शब्द मिळतो. होमोसेक्शुअल हा शब्दही असाच जुळवलेला. हंगेरियन लेखक कार्ल मारिया केर्टबेनी यांनी तो १८६९ साली छापला, तोही अशा संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध लिहिताना. हेतू चांगलाच होता. पण ज्याचे स्वतःचे लिंग एकाहून अधिक, त्याच्या बाबतीत तराजूचे एक पारडे सारखे हलत राहते.

आपला 'उभयलिंगी' तर आणखी घोळाचा. शाळेत जास्वंदीच्या फुलाला उभयलिंगी म्हणायला शिकलो, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. आणि ज्याला स्त्री-पुरुष दोघांचीही ओढ वाटते, त्या माणसालाही वर्तमानपत्रे उभयलिंगीच म्हणतात. एकात आपण कोण ते सांगितले, दुसऱ्यात आपल्याला कोण आवडते ते.

इंग्रजी बोलणाऱ्या अशा मंडळींनी, ती स्वतःला मल्टिजेंडर किंवा बायजेंडर म्हणवतात, एक वाट काढली आहे. तुलना सोडून द्यायची आणि फक्त आवडणाऱ्याचे नाव घ्यायचे. ग्रीक भाषेतल्या स्त्री आणि पुरुष या शब्दांवरून, बायकांवर जीव जडतो तो गायनोरोमँटिक, पुरुषांवर जडतो तो अँड्रोरोमँटिक. समोरच्याचे लिंग कोणते याने फरक पडत नाही, तो पॅनरोमँटिक. सांगणारा कोण, हे यात विचारलेलेच नाही. 'रोमँटिक' ही शेपटीही मुद्दाम लावलेली. शरीराच्या ओढीसाठी 'सेक्शुअल' शेपटीचे वेगळे शब्द आहेत, कारण मन आणि शरीर एकाच दिशेला जातीलच असे नाही. काहींना हे सगळे रुक्ष वाटते, ते नुसते क्विअर म्हणतात. काही जण तर गे आणि लेस्बियन दोन्ही एकदम म्हणवून घेतात. मला स्वतःला हे शब्द औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखे वाटतात. पण ज्याला आपल्यासाठी पहिल्यांदाच शब्द सापडतो, त्याला त्या चिठ्ठीचेही मोल असते.

गंमत अशी की आपल्या मराठीत ही सोय आधीपासून आहे. 'मी प्रेम करतो' किंवा 'मी प्रेम करते' म्हटले की बोलणारा कोण ते उघड होते. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात, तो भाग वेगळा.) पण 'मला ती आवडते', 'मला तो आवडतो' यात क्रियापद आवडणाऱ्याच्या मागे जाते. बोलणारी बाई आहे, पुरुष आहे की दोन्ही, वाक्याला पत्ताच नसतो. तुमच्या लेकराने तुम्हाला हेच वाक्य सांगितले. मामी-मावशीलाही तेवढेच सांगा, तेही लेकराला विचारून.

लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावर मात्र हे वाक्य पुरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मानला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांचे संमतीचे संबंध कलम ३७७ च्या बाहेर काढले. तेव्हा गुन्ह्याची भीती मनातून काढून टाका. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीचे नाते स्त्री-पुरुषाचे असेल, तर आहे त्या कायद्याने लग्न करता येईल, एवढे सांगितले. आपल्या बौद्धांनाही लागू असलेला १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्यातच आला. म्हणजे कायदा अजून तुलनाच करतो. जो माणूस दोन्ही आहे, त्याने कागदावर कोणता अर्धा भाग दाखवायचा? मला याचे उत्तर त्या निकालात सापडले नाही. लग्नाची गोष्ट निघाली तर आधी चांगल्या वकिलाला भेटा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की ती मुलगी रविवारी घरी येऊन गेली आणि लेकराने तिच्यासाठी स्वतः पोहे केले. मुलगी कशी वाटली, ते मात्र लिहायचे राहिले. पुढच्या पत्रात कळवा.