टायटॅनियमचा कॅमेरा म्हणजे सोने नव्हे

इतवारीच्या सराफ्यात जुना दागिना मोडला तरी सोन्याचा भाव मिळतो. कॅमेऱ्याचे तसे नसते. तरीही फिल्मची हौस परतली, तसे ‘कॉन्टॅक्स जी२’सारख्या कॅमेऱ्याकडे गुंतवणूक म्हणून पाहिले जाऊ लागले आहे.

काय आहे हा कॅमेरा?
जपानच्या क्योसेरा कंपनीने जी१ १९९४ मध्ये, तर जी२ १९९६ मध्ये आणला. साध्या रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा नजरेने जुळवाव्या लागतात. इथे कॅमेराच अंतर मोजतो आणि मोटर फोकस साधते. आवरण टायटॅनियमचे, लेन्स कार्ल झाइसची.

अडचण कुठे?
फोकस, शटर, रोल पुढे सरकणे, सारे बॅटरी आणि सर्किटवर चालते. क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्समधून अंग काढून घेतले. त्यामुळे बिघाड झाल्यास सुटा भाग बहुधा दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. जुना यांत्रिक रेंजफाइंडर मात्र बॅटरीविनाही फोटो काढतो.

मग घ्यावा का?
वापरायचा असेल तर जरूर घ्या. पण पैसे देण्याआधी एक रोल काढून, धुवून पाहा. नागपूरच्या उन्हाळ्यात कोरे रोल फ्रिजमध्ये ठेवा. कपाटात ठेवून भाव वाढण्याचीच वाट पाहायची असेल, तर सराफा जवळ आहे.