अफाट सृष्टी आणि माणसाचे मोल

शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये, महामार्गाच्या कडेने, गांधीनगरच्या बाजारपेठेला खेटून वाढलेल्या कोल्हापूरजवळच्या उचगावातला तरुण आज स्वतःचे मोल गुणपत्रिकेवर, पगारावर आणि लग्न ठरवताना विचारल्या जाणाऱ्या जमिनीच्या गुंठ्यांवर ठरवतो. आणि या मापांत कमी पडला की एवढ्या अफाट सृष्टीत देवाला तरी आपली दखल असेल का, या शंकेने खचतो. त्याची शंका प्रामाणिक आहे, पण ती पहिल्यांदा त्यालाच पडलेली नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहगती गणिताने बांधल्या, त्यानंतर दीड-दोन शतकांतच याच मराठी मुलखात दळण दळणारी जनाबाई आणि मेलेली ढोरे ओढणारा चोखोबा विठ्ठलाला आपला सखा म्हणू लागले. ब्रह्मांडाचा धनी आपल्या जात्यापाशी येऊन बसतो, हा जनाबाईचा विश्वास भाबडा नव्हता. ज्या समाजाने तिला दासीपलीकडे काही मानले नाही, त्याचा निवाडा अखेरचा नव्हे, असे ती ठामपणे सांगत होती. समाजाने मात्र तिचे अभंग घेतले आणि अर्थ सोडला. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून चोखोबा त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर झाली खरी, पण त्यांच्या जातीला त्या दारातून आत पाऊल टाकता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली दहा दिवस उपोषण करावे लागले. मधली सहाशे वर्षे भजन अखंड चालू होते.

या विसराळूपणावर त्या उपोषणाच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांनी नेमके बोट ठेवले. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघाला. अनंत सूर्यमंडळे घडवणाऱ्या निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच अधिकार दिले, ही त्यातली मांडणी. सृष्टीच्या विस्ताराने माणूस तुच्छ ठरत नाही, उलट माणसामाणसांत माणसानेच घातलेली उतरंड त्या विस्तारापुढे क्षुद्र ठरते, हा त्यांचा निष्कर्ष होता. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी तो कारभारात आणला. १९०२ साली त्यांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. आणि पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून देऊन, छत्रपती स्वतः त्यांच्या हातचा चहा भर रस्त्यावर, सरदार-मानकऱ्यांदेखत पिऊ लागले. हजार प्रवचनांनी झाले नसते ते त्या एका कपाने केले.

पुढची कसोटी उचगावच्या शेजारीच, वळिवड्याला लागली. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकलून दिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथल्या छावणीत राहिले. ज्या सत्तेने त्यांना मालगाड्यांत कोंबले तिच्या लेखी ते नुसते आकडे होते. इथे त्यांनी शाळा उभारल्या, प्रार्थनामंदिर बांधले, मुलांचे बाप्तिस्मे केले, आणि जे इथेच वारले त्यांची नावे कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दगडावर कोरून ठेवली. पोलिश निर्वासित गेले तशी फाळणीत सर्वस्व गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे वसली आणि आजचे गांधीनगर उभे राहिले.

या छावणीच्या काही वर्षे आधी, १९३८ साली, कोल्हापुरात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी पुढे विश्वातले अब्जावधी प्रकाशवर्षांचे अंतर मराठी वाचकाच्या घरात आणले. त्या अंतराने श्रद्धाळूने भेदरण्याचे कारण नाही. आठ शतकांचा धडा असा, की माणसाला तुच्छ लेखण्याचे काम आकाशाने कधी केले नाही. ते जातीने केले, सत्तेने केले, आज बाजार करतो आहे. देवाचे प्रेम गुण, पगार आणि गुंठे पाहून मिळत नाही, म्हणूनच ते त्यांच्या अभावी हिरावलेही जात नाही. परंतु ज्याला हे प्रेम आपल्यासाठी खरे वाटते, त्याने ते शेजारच्या परप्रांतीय कामगारासाठी, नापास मुलासाठी आणि बिनजमिनीच्या स्थळासाठीही खरे मानले पाहिजे. हा दुसरा भाग आपण सहाशे वर्षे टाळला आणि त्याची किंमत चोखोबाच्या लेकरांनी मोजली. आता तो टाळला तर ती आपली मुले मोजतील.