गुडघ्याचं इंजेक्शन आणि कोरं व्हाउचर

इंदूरला रामबागेत आमच्या वयाची माणसं भेटली की हल्ली विषय एकच, गुडघे! मागच्या वर्षी मीही एका खासगी क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, खोटं कशाला बोलू. पण शुगर 310! फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "काका, टोचलं काय?" कागदावर नुसतं 'इंजेक्शन' आणि रक्कम. फोन केल्यावर कळलं, स्टेरॉइड होतं. मधुमेहाचं तिथे कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, ती चूक माझी.

स्टेरॉइड वाईट नव्हे. सूज उतरते, काही आठवडे, कधी काही महिने बरे जातात. झीज मात्र भरून येत नाही, आणि त्याच सांध्यात वारंवार घेतलं तर कूर्चेला अपाय होऊ शकतो. म्हणून दोन इंजेक्शनांत साधारण 3 महिने तरी जाऊ देतात. मला दीड महिन्यातच दुसऱ्यासाठी बोलावलं.

बँकेत 34 वर्षं अर्धवट व्हाउचरवर मी सही केली नाही. (सौ. म्हणते, आता तरी बँक सोडा.) औषधाचं नाव, मात्रा, तारीख, कुठला सांधा, एवढं लिहून मागाच. नाही दिलं तर उठून या. मी आलो, काठी टेकत.