धाडस आणि आधार

गुजराती मुलगा बाजारात पैसा लावतो आणि मराठी मुलगा नोकरीचा अर्ज लिहितो, हा समज बडोद्यात तरी तपासून पाहणे सोपे आहे. गायकवाडीपासून दोन्ही समाज तेथे शेजारी नांदत आले. विद्यापीठापासून फार दूर नसलेल्या निजामपुऱ्यात दोघांची मुले एकाच जिन्याने चढतात-उतरतात, आणि दोघांच्याही हातात सौद्यांचा तोच फोन असतो. 'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ मधील पाहणीने या समजाचा पायाच काढून घेतला आहे. २०२३-२४ साली वायदे व ऑप्शन्स यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी सुमारे २२ टक्के महाराष्ट्रातील होत्या आणि १२ टक्के गुजरातमधील. २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी व ६ कोटी लोकसंख्येशी हे आकडे ताडून पाहिले, तर दोन्ही राज्ये बरोबरीस येतात. मुंबईतील गुजराती सटोडिये महाराष्ट्राच्या खात्यात मोजले जातात, हे खरे. पण तेवढ्याने अंतर पुन्हा उभे राहत नाही.

खरा भेद आहे तो वयाचा. तिशीखालील व्यक्तींचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्यातील ९३ टक्के तोट्यात राहिले. स्त्रियांचा सरासरी तोटा ७६ हजार, पुरुषांचा ८९ हजार. याला पुरुषांनी धाडस म्हणावे की आणखी काही, हे त्यांनीच ठरवावे!

याहून गंभीर बाब उत्पन्नाची आहे. या व्यवहारांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखविले होते. पेढीवाल्याच्या मुलाचे लाखभर रुपये बुडाले, तर वडील रागावतात आणि खाते मिटवितात. निवृत्तिवेतनावर चाललेल्या घरात तेवढ्याच रकमेपायी बहिणीचे शिक्षण अडते. धोका एकच, पण आधार वेगळा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सेबी'ने सौद्याची किमान रक्कम वाढवून १५ लाखांवर नेली. तरीही २०२४-२५ मधील एकूण तोटा १ लाख ५ हजार कोटींवर पोहोचलाच. या व्यवहारांसाठी खाते उघडताना दलाल उत्पन्नाचा पुरावा मागून घेतात. तो फायलीत पडून न राहता, त्यावरून प्रत्येकाच्या सौद्याची कमाल मर्यादा ठरली पाहिजे. दलालीचे उत्पन्न घटेल या भयाने या सूचनेस विरोध होईल. तो 'सेबी'ने मनावर घेऊ नये.