देशरक्षणाच्या नावाने निवृत्तिवेतनावर टाच

लातूर-नांदेड जिल्ह्यांत आयुधनिर्माणीचा एकही कारखाना नाही. तेव्हा खडकी, देहूरोड, वरणगाव वा भंडारा येथील कामगारांच्या सेवाशर्तींची चर्चा आपण का करावी, असा प्रश्न येथील कार्यकर्त्याला पडणे स्वाभाविक आहे. परंतु त्या कामगारांना ज्या वाटेने नेले जात आहे, ती वाट आपल्याही दारावरून जाते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ४१ आयुधनिर्माणींचे मंडळ मोडून सात कंपन्या स्थापन केल्या आणि सत्तर हजारांहून अधिक कर्मचारी ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर त्यांच्या हवाली केले. विरोध होणार हे सरकार जाणून होते. म्हणून ३० जूनलाच वटहुकूम निघाला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. संप करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, चिथावणी देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद! गरजेचे ठरविलेले जादा काम नाकारणे हादेखील संपच मानला गेला. त्या कायद्याची एका वर्षाची मुदत संपली. पण कार्यभाग तोवर उरकला होता.

आता या कर्मचाऱ्यांना कंपन्यांत कायमचे सामावून घेण्याचा घाट आहे. प्रतिनियुक्तीची मुदत पुन्हापुन्हा वाढविण्यात आली. अखेर त्यांच्याकडून विकल्प मागितला जाईल. हा विकल्प किती मोकळा आहे?

२२ मे २०२५ रोजी केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांत दुरुस्ती झाली. सरकारी सेवेतून सार्वजनिक उपक्रमात सामावलेल्या माणसाला पुढे गैरवर्तनासाठी बडतर्फ केले, तरी त्याने सरकारी सेवेत मिळविलेले निवृत्तिलाभ पूर्वी जप्त होत नसत. आता ते होतील. बडतर्फीचा निर्णय संबंधित मंत्रालय तपासून पाहील, एवढाच काय तो दिलासा.

सरकारपक्षी सांगितले जाते की, सरकारी नोकर बडतर्फ झाला तरी निवृत्तिवेतन गमावतोच. मग उपक्रमातील नोकराला सवलत का? युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. पण वीस-पंचवीस वर्षे ज्याने सरकारची चाकरी निष्कलंकपणे केली, त्याचा त्या काळाचा हिशेब सामावून घेण्याच्या दिवशीच पुरा झाला. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १९८२ सालीच बजावले आहे. पहिल्या धन्याकडची कमाई दुसऱ्या धन्याच्या शिक्षेपोटी बुडवावी, हा कोणता न्याय? भ्रष्टाचार करणाऱ्यावर खुशाल खटला भरा. परंतु स्फोटकांच्या इमारतीतील असुरक्षिततेविरुद्ध तोंड उघडणाऱ्या कामगाराच्या मानेवर हे जोखड कशासाठी? २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क हा जिवाचा हक्क असतो.

संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्याला मुळातच घटनेच्या ३११ व्या कलमाचा आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली तसा निवाडा दिला. सैनिकाचे मानमरातब त्याला नाहीत आणि नागरी नोकराचे घटनात्मक संरक्षणही नाही. उरते ती संघटना. म्हणूनच एस. एम. जोशी यांनी या कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व केले.

आता आपल्या दारी पाहू. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली, तेव्हा मराठवाड्याच्या तरुणाला रेल्वेच्या नोकरीची स्वप्ने पडली. कारखाना सार्वजनिक पैशाने उभा राहिला. पण २०२३ च्या करारानुसार तेथे वंदे भारत गाड्यांचे डबे बांधण्याचे काम किनेट या कंपनीकडे गेले. इकडे देहूरोड, भंडारा, चांदा येथे धोक्याच्या इमारतींतील कामासाठी मुदतबंद करारावर भरती होते. आयटीआय करून बाहेर पडलेला आपला मुलगा येथे राहिला काय आणि तेथे गेला काय, सरकारी नोकरीचे दार त्याला बंदच!

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मे २०२५ ची दुरुस्ती मागे घ्या. २०२१ पूर्वीच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीपर्यंत केंद्र सरकारचेच नोकर राहू द्या; प्रसार भारतीतील ५ ऑक्टोबर २००७ पर्यंतच्या कर्मचाऱ्यांना ही तजवीज कायद्याने मिळाली, ती येथे का अशक्य व्हावी? आणि कायम स्वरूपाच्या कामावर कायम कामगार नेमा.

तोफगोळा घडविणाऱ्या हातांना उद्याच्या भाकरीची धास्ती घालून कोणता देश सुरक्षित होतो? लातूरच्या चौकाचौकांत हा प्रश्न साथींनी विचारला पाहिजे.