पंख्याची दोरी

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नदीकाठी नॅचेझ नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या हवेल्या दर वसंतात पाहुण्यांसाठी उघडतात. १९३२ पासूनच्या या प्रथेचं नावच ‘पिलग्रिमेज’, म्हणजे यात्रा. शनिवार-रविवारात चार-पाच घरं सहज पाहून होतात. अलीकडे या घरांतून गुलामांविषयीही बोललं जातं आणि काही पाहुणे कुरकुरतात: आम्ही घर बघायला आलो, व्याख्यान ऐकायला नाही. ही तक्रार मला मान्य नाही, कारण तिच्यात घराचीच ओळख चुकली आहे.

मेलरोझ या हवेलीच्या भोजनगृहात टेबलावर महोगनीचा भलामोठा झुलता पंखा टांगलेला आहे. तिथे त्याला ‘पंका’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, साहेबाच्या बंगल्यातून समुद्रापार गेलेला. पंखेवाला कोण असतो हे मराठी वाचकाला सांगायला नको. मेलरोझमध्ये दोरी ओढायला गुलामाचं पोर उभं असे. ताटं वाढली जात, गप्पा रंगत, आणि माश्या बसू नयेत म्हणून ते पोर ओढत राही. आता गाईडने लाकूड दाखवलं, कोरीवकाम दाखवलं आणि दोरीचं दुसरं टोक सोडून दिलं, तर त्याने पंखा तरी दाखवला का? ओढणाऱ्यावाचून तो नुसता छताला टांगलेला फळा आहे.

‘वास्तुकला तरी निखळ पाहू द्या’ असं म्हणणाऱ्यांनी लाँगवूड पाहावं. हॅलर नट या कापूसवाल्या जमीनदाराने फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल स्लोनकडून अष्टकोनी प्रासादाचा आराखडा करून घेतला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेतले कारागीर अवजारं टाकून घरी परतले. तळघरातल्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. वर अजूनही उघड्या विटा आणि लाकडी सांगाडा. नट १८६४ मध्ये वारला, कुटुंब तळघरातच राहिलं. ही कहाणी नट घराण्याची शोकांतिका म्हणून सांगतात आणि ती ऐकताना गलबलतंही. पण या प्रासादाचा पैसा कापसाचा होता, कापूस गुलामांच्या हातचा होता, आणि युद्धाच्या मुळाशी तीच गुलामी होती. हे गाळलं तर बांधकाम का थांबलं, याचा खुलासाच होत नाही.

‘त्या काळच्या लोकांना त्यात वावगं वाटत नव्हतं’ हा दुसरा युक्तिवाद. कोणत्या लोकांना? १८३३ मध्ये पटकीच्या भीतीने नगरपालिकेने गुलामांच्या व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं आणि बाजार वेशीबाहेरच्या तिठ्यावर, ‘फोर्क्स ऑफ द रोड’वर, भरू लागला. व्हर्जिनियापासून हजारेक मैल साखळदंडांत चालवत आणलेली माणसं तिथे विकली जात. त्यांना काय वाटत होतं, हे ‘लोकांना’ या शब्दात कुठे येतं?

गावातलं विल्यम जॉन्सनचं विटांचं घर तर कोणत्याच बाजूला सोयीचं नाही. गुलामीत जन्मलेला, १८२० मध्ये मुक्त झालेला हा न्हावी. सोळा वर्षं नेमाने रोजनिशी लिहिली, आणि स्वतःही गुलाम बाळगले. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीच्या वादातून त्याला गोळी घातली गेली. प्रत्यक्षदर्शी कृष्णवर्णी होते, त्यांची साक्ष न्यायालयाने घेतली नाही, आरोपी सुटला. मला विचाराल तर नॅचेझमध्ये आधी हे घर पाहावं, झुंबरं नंतर.

उलट बाजूचं म्हणणंही मला पटत नाही. या वास्तू अन्यायाच्या आहेत, तेव्हा टाळं ठोका, असं काही जण कळकळीने म्हणतात. पण या भिंती बांधल्या कुणी? याच दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात जुन्या विटांवर गुलाम मजुरांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात. ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची तेवढीच सही उरली आहे. टाळं लावून मालकाचं काही बिघडणार नाही; ती सही मात्र झाकली जाईल.

आणि घर उघडं ठेवून गुलामांची गोष्ट सांगणं जमतं. सव्हाना शहरातल्या ओवेन्स-थॉमस हवेलीने आपल्या नावातच गुलामांच्या वस्तीचा उल्लेख घातला; भुताखेतांना दूर ठेवण्यासाठी दिलेला निळा रंग त्या वस्तीच्या छतावर आजही दिसतो. नॅचेझचा तो तिठाही २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानात आला आहे. शनिवारी सकाळची पहिली बस तिथे थांबावी. मग जॉन्सनचं घर, मग मेलरोझ, तेही मागच्या अंगाने: गुलामांच्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि शेवटी भोजनगृह. तिथे गाईडने पाहुण्यांना टेबलापाशी नाही, ते पोर उभं राहायचं त्या जागी न्यावं.